पाकिटाची मागची बाजू

कोरेगाव तालुक्यातल्या ऊस उत्पादकाला उतारा म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. शंभर किलो ऊस गाळल्यावर किती किलो साखर निघते, त्यावर त्याची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, ठरते. दक्षिण महाराष्ट्रात हा उतारा साधारण अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास असतो आणि अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तरी गावोगाव त्याची चर्चा होते. तोच हिशेब सकाळच्या चहाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या साध्या ग्लुकोज बिस्किटाला लावून पाहावा. शंभर ग्रॅम बिस्किटांत साधारण पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे उसातून निघते त्याच्या दुपटीहून जास्त. हा आकडा कुणी लपवलेला नाही. तो पुड्याच्या मागे छापलेला आहे, फक्त तिकडे नजर जात नाही.

या तालुक्यात पिकतं काय आणि विकत घेतलं जातं काय, हेही शेजारी शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. आलं, हळद, सोयाबीन इथल्या शिवारातली. देऊर, पिंपोडे बुद्रुक या उत्तर भागातल्या गावांचा वाघा घेवडा तर दाण्यावरच्या पट्ट्यांमुळे दुरूनही ओळखू येतो. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पोत्यातून मापून दिलेल्या या घेवड्याला घटकांच्या यादीची गरज पडत नाही, कारण त्यात घेवड्याशिवाय दुसरं काही नसतं. त्याच दुकानात दारापाशी टांगलेल्या माळांमधल्या रंगीत पुड्यांत मात्र कधी दहा, कधी वीस घटक असतात. लेबल वाचायचं ते या दुसऱ्या प्रकारच्या मालाचं.

लेबल हा ग्राहकाचा हक्क

पाकिटावर काय छापायचं हे कंपनीच्या मर्जीवर नसतं. २००६ च्या अन्नसुरक्षा आणि मानके कायद्याखाली एफएसएसएआय हे केंद्रीय प्राधिकरण उभं राहिलं आणि लेबलाचे सध्याचे नियम त्याने २०२० साली काढले. महाराष्ट्रात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. पदार्थाचं नाव, घटकांची यादी, पोषणाचा तक्ता, शाकाहारी-मांसाहारी खूण, ॲलर्जी आणू शकणाऱ्या घटकांची सूचना, बनवल्याची तारीख, वापरण्याची मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि चौदा आकडी परवाना क्रमांक एवढं त्यात यावंच लागतं. निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत छापण्याचं बंधन वैधमापनाच्या नियमांतून येतं.

या हक्कामागे महाराष्ट्रातल्या माणसांची मेहनत आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिने घराघरांची मागणी एकत्र करून किराणा वाटायला सुरुवात केली. केंद्राचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये आला.

चौदा आकडी क्रमांकही थोडंफार सांगून जातो. पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या उत्पादकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे असतात आणि महाराष्ट्राचा संकेतांक १५ आहे. त्यानंतरचे दोन आकडे वर्षाचे. बचत गटाच्या शेंगदाणा चटणीच्या पुडीवर २१५ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो महाराष्ट्रात नोंदणी झालेला उद्योग आहे एवढं कळतं. चटणी आरोग्याला चांगली की वाईट, हे मात्र त्या क्रमांकावरून ठरत नाही.

एक अडचण खरी आहे. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की नियम पाळला जातो, मराठीची सक्ती नाही. त्यामुळे दर्शनी बाजूवर ठळक मराठी नाव असलेल्या पुड्याची मागची बाजू बहुतेकदा बारीक इंग्रजीत असते. साठीपुढची आजी ती वाचू शकत नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घरात बहुधा तिलाच चालू असतात. शाळकरी नातवंडाला मात्र ते वाचता येतं. किराणा घरी आला की मुलांकडून मागची बाजू मोठ्याने वाचून घेणं हा या अडचणीवरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

पहिली तीन नावं

वेळ कमी असेल तर आधी घटकांची यादी पाहावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. जे सर्वांत जास्त ते पहिलं. म्हणून पहिल्या तीन नावांतच पदार्थाचा बहुतेक स्वभाव कळतो.

नेहमीच्या बिस्किटाच्या पुड्याची यादी घेऊ. सुरुवातीला ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’, म्हणजे मैदा. मग साखर. मग ‘पाम ऑइल’. त्यामागे ‘इन्व्हर्ट शुगर सिरप’, म्हणजे द्रवरूप साखर. मग ५०० आणि ५०३ क्रमांकाचे फुगवणारे घटक, मीठ, दुधाची पावडर, इमल्सिफायर आणि कृत्रिम सुवास. पुड्यावर दुधाचा भरलेला ग्लास आणि गव्हाची लोंबी काढलेली असली, तरी दुधाची पावडर यादीत मिठाच्या आगेमागे, म्हणजे नाममात्र.

साखर यादीत एकाच नावाने येते असंही नाही. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ही सगळी त्याच घराण्यातली. माल्टोडेक्स्ट्रिन हा खरं तर पिष्टमय पदार्थ, पण पोटात गेल्यावर त्याचंही झटपट ग्लुकोज होतं. साखर अशी तीन-चार नावांत विभागली की यादीत प्रत्येक नाव खाली सरकतं आणि पहिला मान धान्याला मिळतो. गूळ आणि मध यांनाही वेगळा न्याय नाही. कराड-कोल्हापूरच्या पट्ट्यात गुळाबद्दल जिव्हाळा असणं स्वाभाविक आहे, पण गुळाच्या ढेपेतही मोठा भाग साखरेचाच असतो. ‘गुळाची बिस्किटं’ मधुमेह्याला मोकळी नाहीत.

ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढच्या बाजूवर मिरवलं जातं, त्याचं प्रमाण टक्क्यांत सांगावं लागतं. म्हणून ‘ओट्स’ किंवा ‘नाचणी’ असं मोठ्या अक्षरांत दिसलं की यादीत त्या शब्दाशेजारचा कंस शोधावा. तिथे पाच टक्के असेल तर उरलेलं पंचाण्णव टक्के काय आहे, हाच महत्त्वाचा प्रश्न.

यादीतल्या क्रमांकांना सरसकट घाबरण्याचं कारण नाही. ३३० म्हणजे लिंबातही असणारं सायट्रिक आम्ल, ५०० (२) म्हणजे खायचा सोडा, ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. काही क्रमांकांकडे मात्र विशिष्ट माणसांनी लक्ष द्यावं. सांगली-तासगावच्या बेदाण्याला सोनेरी रंग टिकावा म्हणून सल्फरची धुरी देण्याची पद्धत आहे. लेबलावर ते २२० या क्रमांकाने, सल्फर डायऑक्साइड म्हणून येतं. ठरलेल्या मर्यादेत ते चालतं, पण दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून त्याची सूचना ॲलर्जीच्या घटकांत द्यावी लागते. हळदीच्या पुडीत याउलट एकच घटक अपेक्षित असतो. सांगलीची हळद असो वा आणखी कुठली, तिच्यात वरून रंग घालायला परवानगीच नाही.

शंभर ग्रॅमचा रकाना

पोषणाच्या तक्त्यात दोन हिशेब असतात. एक शंभर ग्रॅम किंवा शंभर मिलिलिटरचा, दुसरा एका ‘सर्व्हिंग’चा. दोन पुड्यांची तुलना नेहमी शंभराच्या रकान्यावरूनच करावी, कारण सर्व्हिंग किती ग्रॅमचं धरायचं हे उत्पादक ठरवतो. फरसाणाचं सर्व्हिंग वीस ग्रॅम लिहिलेलं असेल, तर ते जेमतेम मूठभर होतं. पाहुणे आल्यावर बशीत वाढलं जातं ते त्याच्या दुप्पट-तिप्पट.

शेवटचा रकाना म्हणजे दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग एका सर्व्हिंगमधून मिळतो तो. त्यासाठी नियमाने धरलेली दिवसाची मापं अशी आहेत: २००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम एकूण स्निग्धांश, त्यात २२ ग्रॅम संपृक्त, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम. साखरेच्या मापाशी थोडं थांबायला हवं. ५० ग्रॅम म्हणजे ऊर्जेच्या दहा टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये ही कमाल मर्यादा सांगताना ती निम्म्यावर, पाच टक्क्यांच्या आत, आणली तर अधिक चांगलं असंही म्हटलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला २५ ग्रॅमच्या वरची साखर जास्तच धरली. त्यामुळे लेबलावर साखर ‘२० टक्के’ दिसली, तर या कडक मापाने ती जवळजवळ चाळीस टक्के धरावी.

आंब्याच्या एखाद्या पेयावर शंभर मिलिलिटरला १३ ग्रॅम साखर लिहिलेली असेल, तर दोनशे मिलिलिटरचा डबा संपताना २६ ग्रॅम पोटात जाते. दिवसाचा वाटा तिथेच पूर्ण. अशा ‘फ्रूट ड्रिंक’मध्ये फळाचा रस किमान दहा टक्के असला की नियमाला पुरतं.

महाबळेश्वर-पाचगणीची सहल झाली की कोरेगावच्या घरातही स्ट्रॉबेरी क्रशची बाटली येते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० सालीच भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण क्रश म्हणजे फळ नव्हे. त्याच्या मानकात फळाचा अंश किमान २५ टक्के आणि विद्राव्य घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ५५ टक्के ठरवलेले आहेत. जॅममध्ये इतर फळांना किमान ४५ टक्क्यांची अट आहे, स्ट्रॉबेरीला मात्र २५ टक्केच पुरतात. त्यापेक्षा जास्त फळ घालणारे उत्पादकही असतात आणि तो आकडा लेबलावर मिळतो. दोन बाटल्या हातात घेऊन फळाची टक्केवारी पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही. आणि क्रश रोजच्या दुधात घालण्याचा पदार्थ नाही, हेही त्यातूनच स्पष्ट होतं.

सोडियमचा आकडा बहुतेकांना परका वाटतो, पण त्याचं मीठ करणं सोपं आहे: अडीचने गुणावं. शंभर ग्रॅम चिवड्यात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते दोन ग्रॅम मीठ झालं. दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची आहे, म्हणजे जवळपास एक चमचा. सैंधव किंवा ‘गुलाबी’ मिठातही मुख्य घटक सोडियम क्लोराइडच असतो, म्हणून रक्तदाब असला तरी ते थोडं जास्त घ्यायला हरकत नाही, हा समज सोडावा.

आकडे वाचताना पानात किती येतं याचं भान मात्र ठेवावं लागतं. कांदा-लसूण मसाल्याच्या पाकिटावर शंभर ग्रॅममागचं सोडियम बरंच मोठं दिसू शकतं, पण भाजीला चमचाभर मसाला पडतो आणि तो चार पानांत विभागला जातो. बिस्किटाचं तसं नाही, तो पुडा बसल्या बसल्या संपतो.

स्निग्धांशाच्या ओळींत संपृक्त आणि ट्रान्स या दोन पाहाव्यात. तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर भारताने २०२१ मध्ये तीन टक्क्यांची आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली. हे मोठं पाऊल होतं. पण ट्रान्स शून्य झालं म्हणजे खारी-टोस्ट हलके झाले असं नव्हे, कारण वनस्पती तुपाऐवजी आलेल्या पामतेलात संपृक्त स्निग्धांश भरपूर असतो.

पुढच्या बाजूचे शब्द

दाव्यांनाही नियम आहेत. ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर शंभर ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. ‘लो फॅट’ म्हणायचं तर घन पदार्थात तीन ग्रॅमच्या आत. तंतुमय पदार्थांचा ‘स्रोत’ म्हणायला किमान तीन ग्रॅम हवेत, ‘भरपूर’ म्हणायला सहा. ‘नो ॲडेड शुगर’चा अर्थ एवढाच की वरून साखर घातलेली नाही. फळाची मूळ साखर त्यात असतेच. शेंगदाण्याच्या किंवा सूर्यफुलाच्या तेलावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापलेलं खरं असतं, पण वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच. घाण्यावरून सुट्या डब्यात आणलेल्या तेलातही ते नव्हतं.

आईस्क्रीमच्या फ्रीजपाशी ‘फ्रोझन डेझर्ट’ हे शब्द शोधावेत. आईस्क्रीममध्ये किमान दहा टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. फ्रोझन डेझर्टमध्ये त्याची जागा वनस्पतीजन्य तेलाने घेतलेली असते.

गेल्या काही वर्षांत या दाव्यांवर सरकारी चाप बसू लागला आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दुधात घालायच्या माल्ट पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढा. त्याच वर्षी जूनमध्ये प्राधिकरणाने पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हे शब्द हटवायला लावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई झाली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. जुलाबाने गळालेल्या मुलाला औषध समजून साखरेचं पेय पाजलं जात होतं, म्हणून हा निर्णय मोलाचा. खरं ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहावा.

पाच रुपयांची पुडी आणि सुटा माल

गावातल्या दुकानाचा एक प्रश्न शहरातल्या मॉलला फारसा पडत नाही. ज्या पाकिटाचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटरपर्यंतच आहे, त्याला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे. ही माहिती घाऊक खोक्यावर असली की झालं. म्हणजे सर्वांत लहान पुडी, जी मुलं शाळेतून येताना हातोहात घेतात, तिच्यावरच कमी माहिती असू शकते. त्यावर मार्ग दोन: दुकानदाराकडे खोकं दाखवण्याची मागणी करणं, किंवा त्याच मालाच्या मोठ्या पाकिटाची मागची बाजू एकदा वाचून ठेवणं.

सुट्या मिठाईलाही आता नियम लागू आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुटी मिठाई ज्या ताटात मांडलेली असते, तिथे ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावणं बंधनकारक आहे. साताऱ्याचे कंदी पेढे खव्याचे. ते घेताना ताटावरची तारीख बघण्यात आणि ती नसेल तर विचारण्यात संकोच नसावा.

मुदत उलटलेला माल, खोडलेली किंमत, पुसट तारीख यांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. अन्नाच्या दर्जाबद्दल एफएसएसएआयचं फूड सेफ्टी कनेक्ट हे ॲप आहे आणि त्यावर परवाना क्रमांकही पडताळता येतो. तक्रारीसाठी पाकिटाचा आणि बिलाचा फोटो जपून ठेवावा, कारण बॅच क्रमांकाशिवाय तपास पुढे सरकत नाही.

साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश जास्त असल्याचा इशारा पुढच्याच बाजूवर यावा, ही मागणीही जोरात आहे. चिली देशाने २०१६ पासून अशा मालावर काळे अष्टकोनी ठसे सक्तीचे केले. भारतात २०२२ मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आला. त्यावर आरोग्य कार्यकर्त्यांचा आक्षेप असा, की तारे पाहून वाईट मालही थोडा चांगलाच वाटतो. त्यांना स्पष्ट इशारा हवा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या प्रश्नावर लवकर शिफारशी करायला सांगितलं. ठळक इशारा कधीही येवो, मागचा तक्ता आजही उपलब्ध आहे.

महिन्याच्या यादीपर्यंत

लेबलावरचे आकडे शेवटी किराण्याच्या यादीत उतरले तरच उपयोगी. चार माणसांच्या घराचा हिशेब मांडून पाहू. दिवसाला माणशी पाच ग्रॅम मीठ म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅम. त्यातच लोणचं, पापड, फरसाण आणि नूडल्समधलं मीठही आलं. किलोचा पुडा महिन्यात संपत असेल, तर घर मर्यादेच्या बरंच पुढे गेलेलं आहे. साखर माणशी पंचवीस ग्रॅम धरली तर महिन्याला तीन किलो, आणि तीत बिस्किटं, क्रश, जॅम यांच्यातली साखरही मोजायची. तेलाचं प्रमाण पोषण संस्थेच्या २००० किलोकॅलरीच्या ताटात दिवसाला २७ ग्रॅम आहे. चौघांना महिन्याला साधारण सव्वातीन किलो.

याच ताटात डाळी आणि कडधान्यं दिवसाला ८५ ग्रॅम सांगितली आहेत. चौघांचं गणित महिन्याला दहा किलोंच्या वर जातं. सामिष खाणाऱ्या घरात त्यातला काही भाग अंडी-मासे-मटणातून भरून निघतो. पण आपल्याकडे ऊर्जेतला डाळी-मांसाचा वाटा सहा ते नऊ टक्केच भरतो, तो चौदा टक्के हवा, असं हीच संस्था सांगते. बाकीच्या ओळी आवळायच्या असल्या तरी यादीतली ही ओळ वाढवायची आहे. बिस्किट-टोस्टचे दोन-चार पुडे कमी करून त्या पैशांत घेवडा, मटकी, मूग किंवा हरभरा किलोभर वाढवला, तर एकाच फेरीत साखर, मैदा आणि पामतेल उतरतं आणि प्रथिनं व तंतुमय घटक चढतात. पुढच्या महिन्याची यादी लिहिताना घरात आणलेल्या पाकिटांपैकी तीन निवडून त्यांची पहिली तीन नावं आणि शंभर ग्रॅमचा रकाना वाचावा. कुठला माल यादीत ठेवायचा, कुठला सणावारापुरता आणायचा आणि कुठला थांबवायचा, हे मग घरातली माणसंच ठरवू शकतात.